उतारावरचं घर: जोतं घालण्याआधी पाण्याची वाट

कोकणात जागा बहुतेक वेळा मे महिन्यात बघितली जाते. चाकरमानी गावी आलेले असतात, आंबे-फणस चालू असतात, टेकाडावरून खाली खाडी दिसते, संध्याकाळी वारा छान लागतो. पायाखालची जांभी जमीन दगडासारखी टणक. तिथेच व्यवहार ठरतो. दिवाळीनंतर जेसीबी लागतो, पुढच्या मेपर्यंत स्लॅब पडतो, आणि एवढ्या सगळ्यात मालकाने ती जागा एकदाही जुलैत बघितलेली नसते.

मी रत्नागिरी जिल्ह्यात घरबांधणीची कामं बघतो. भिंतीला कमरेपर्यंत ओल, मागच्या खोलीची फरशी फुगलेली, अंगणाच्या कडेला लांबलचक भेग, अशी दुरुस्ती निघाली की मालक आधी वर छपराकडे बोट दाखवतात. मी घराला वळसा घालून पाठच्या दाराशी जातो. उतारावरच्या घरात पाणी शिरतं ते बहुतेक पाठच्या बाजूने, आणि पुष्कळदा जमिनीखालून. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते छपराबद्दल कमी आणि डोंगराबद्दल जास्त आहे.

जागा तरण्या-म्हाताऱ्यात बघा

मृगाचं पाणी जमीन पिऊन टाकते. आर्द्रात ती भरत येते. पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे आपला तरणा आणि म्हातारा, साधारण ६ जुलैपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, हा खरा परीक्षेचा काळ. तोवर डोंगर तुडुंब भरलेला असतो. वर पडलेलं पाणी आत जात नाही, आत गेलेलं बाहेर पडायला वाट शोधतं आणि जागोजाग उमाळे फुटतात.

दरड कोसळून झालेल्या दुर्घटनांच्या तारखाच बघा. महाड तालुक्यातलं दासगाव आणि जुई, जुलै २००५चा शेवटचा आठवडा. आंबेगाव तालुक्यातलं माळीण, ३० जुलै २०१४. तळिये, २२ जुलै २०२१. इरशाळवाडी, १९ जुलै २०२३. सगळ्या जवळजवळ एकाच पंधरवड्यातल्या.

म्हणून जागा घ्यायची असेल तर एक जुलै जाऊ द्या. धो-धो पाऊस चालू असताना छत्री-रेनकोट घेऊन दोन तास प्लॉटवर आणि प्लॉटच्या वर फिरा. पाणी कुठून येतं, कुठे पसरतं, कुठे नाहीसं होतं ते बघा. पाऊस थांबल्यावरही ज्या जागेतून स्वच्छ पाणी वाहत राहतं ती उपळट जागा, तिच्यावर जोतं नको.

पावसात जाणं जमलंच नाही तर उन्हाळ्यातही खुणा सापडतात. फेब्रुवारीत आजूबाजूचं गवत वाळलेलं असताना एखादा पट्टा हिरवा राहिला असेल तर तिथे खाली पाणी आहे. जुन्या गडग्याच्या, म्हणजे कोरड्या रचलेल्या दगडी बांधाच्या, बुडाशी दोन चिऱ्यांमध्ये (जांभ्याच्या कापीव दगडांमध्ये) मुद्दाम ठेवलेली फट दिसली तर ती बुजवू नका. कुणाच्या तरी आजोबांनी पावसात उभं राहून पाण्याची वाट शोधली आणि तिथे ती फट सोडली, एवढा जुना पुरावा दुसरा मिळणार नाही. गावनकाशावर नाला किंवा पऱ्ह्या दाखवला आहे का तेही बघा. मे महिन्यात पऱ्ह्या कोरडा असतो आणि विकणारा त्याला ‘रस्त्याला सोडलेली जागा’ म्हणतो. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला मात्र एकच प्रश्न विचारा, पावसात इथून पाणी कुठून जातं? माझ्या अनुभवात हे उत्तर कधी चुकलेलं नाही.

एक गोष्ट सरळ सांगतो. डोक्यावर उभा, उघडा डोंगर असेल, वर भेगा दिसत असतील, झाडं एका बाजूला कललेली असतील, तर गटार बांधून काही साधत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातल्या भूस्खलनप्रवण भागांचे नकाशे केले आहेत, ते त्यांच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर बघता येतात. तिथे जागा जास्त धोक्याच्या पट्ट्यात असेल तर भूगर्भ किंवा माती-परीक्षणातल्या जाणकाराला आणा, नाहीतर जागा सोडा. परवानगीच्या बाजूनेही १:५ आणि त्याहून तीव्र उतारावर, म्हणजे पाच फूट चालताना एक फूट किंवा जास्त चढ असेल तर, अडचण येते. हे टोकन देण्याआधी नगररचना कार्यालयात विचारायचं. या लेखातलं सगळं सौम्य किंवा मध्यम उतारासाठी आहे.

पाणी किती, ते टँकरमध्ये मोजा

एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर होतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर १०० मिमी पाऊस पडला की दहा हजार लिटर, म्हणजे मोठा टँकर भरून पाणी. कोकणात पावसाळ्यात दिवसाला १०० मिमी ही रोजची नसली तरी ओळखीची गोष्ट आहे. वाईट तासात तेवढाच पाऊस एका तासात पडू शकतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस मोजला गेला होता.

आता तुमच्या प्लॉटच्या वरचा किती भाग तुमच्याकडे उतरतो ते पावलांनी मोजा. समजा दहा गुंठे. तासाला १०० मिमीचा जोर आणि जमीन आधीच भरलेली, म्हणून पाण्यातलं ऐंशी टक्के तरी वाहून येणार. हिशेब येतो सेकंदाला साधारण २२ लिटर. डोळ्यांसमोर आणायचं तर दर सेकंदाला एक मोठी बादली आणि वर एक-दोन तांबे.

चार इंची पीव्हीसी पाईप शंभरात एक उतारावर पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला सहा-सात लिटरच नेतो. म्हणजे ‘मागे चार इंची टाकलाय ना’ या वाक्यात दोन तृतीयांश पाणी बाहेर राहिलं. तेच एक फूट रुंद, एक फूट खोल चिऱ्याचं उघडं गटार पन्नासात एक उतारावर निम्मं भरून सेकंदाला चाळीसेक लिटर नेतं. वर एकरभर जागा उतरत असेल तर दीड बाय दीड फूट धरा. वरचं निम्मं गटार रिकामं ठेवण्याचा हिशेब उगाच नाही. पाण्याबरोबर पालापाचोळा, माती आणि एखादी फांदीही येते.

काम खालून सुरू करा

बहुतेक लोक घराच्या मागे चर खणतात, तो वळवून बाजूला आणतात आणि मग विचारतात, आता हे पाणी सोडायचं कुठे? खाली शेजाऱ्याचं अंगण. पुढे भांडण.

पाणी शेवटी कुठे सोडायचं ते सगळ्यात आधी ठरवायचं: पऱ्ह्या, वहाळ, नाहीतर रस्त्याच्या कडेचं मोठं गटार. तिथपासून घरापर्यंत उलटं येत लेव्हल काढायची. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी यासाठी पुरते. शेवटच्या टोकाची लेव्हल मिळाली की वर कुठल्या ठिकाणी गटाराचा तळ किती खोल जाऊ शकतो ते आपोआप ठरतं. आणि जोत्याची उंची त्यावरून ठरते. आम्ही करतो नेमकं उलट. जोतं बांधून होतं, मग कळतं की मागच्या गटाराला पुढे उतारच उरलेला नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२च्या कलम ७मध्ये उदाहरण दिलं आहे की वरच्या जमिनीवर पडलेलं, ठराविक प्रवाहात नसलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर उतरतं, ते खालच्या मालकाने उतरू द्यायचं. पण नैसर्गिकपणे पसरून उतरणं वेगळं आणि सगळं पाणी एका पाईपात गोळा करून शेजाऱ्याच्या माडाच्या बुंध्यात सोडणं वेगळं. शेजाऱ्याशी बोलून, त्याच्या मेरेने गटार न्यायचं असेल तर साध्या कागदावर का होईना लिहून घ्या. तोंडी परवानगी पुढच्या पिढीत टिकत नाही.

डोक्यावरचा चर

घरासाठी जिथे डोंगर कापणार, त्या कापणीच्या वरच्या कडेपासून सहा ते दहा फूट मागे, उताराला आडवा चर घ्यायचा. वरून येणारं पाणी कापणीवर पोचण्याआधीच बाजूला वळवायचं, एवढंच त्याचं काम. उतार पन्नासात एक ते शंभरात एक. त्याहून सपाट ठेवला की गाळ बसतो, जास्त दिला की चर स्वतःच खणला जातो.

इथे एक मोठा घोटाळा होतो. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ आपल्या मनात इतकं बसलंय की लोक घराच्या डोक्यावर समतल चर खणतात. पाणलोटाच्या कामात ते योग्यच, कारण तिथे पाणी जमिनीत मुरवायचं असतं. घराच्या वर मुरवलेलं पाणी मात्र तुमच्या मागच्या भिंतीच्या पाठीशी येऊन उभं राहतं. म्हणून हा चर उतारता हवा आणि तळ-बाजूंनी पक्का हवा: चिऱ्याचं बांधकाम, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरलेल्या, नाहीतर पातळ काँक्रीट. कच्चा मातीचा चर घराच्या वर असणं हे चर नसण्यापेक्षा वाईट, असं माझं मत आहे. तो पाणी गोळा करून नेमकं नको तिथे जिरवतो.

चराची टोकं बाजूने खाली उतरतात तिथे पाण्याला प्रचंड वेग येतो. तिथे सरळ घसरगुंडी न करता पायऱ्यापायऱ्यांचं गटार करा. प्रत्येक पायरीवर पाणी आपटतं आणि जोर कमी होतो. अगदी तळाशी दोन-तीन फुटांचा चौकोनी हौद ठेवा, त्यात मोठे दगड टाका. गाळही तिथेच बसतो आणि काढायला सोपा पडतो.

घराचं काम दोन हंगाम चालणार असेल तर पहिल्या पावसाआधी हा वरचा चर आणि खालची वाट एवढं तरी पुरं करा. अर्धवट जोतं पावसात टिकतं, अर्धवट कापणी टिकत नाही.

कापणी आणि भराव

चिरेखाणीत वीस-पंचवीस फुटांची उभी भिंत वर्षानुवर्षं ठाम उभी असते. ते बघून माणूस फसतो. वरचा जांभा कडक असतो हे खरं, पण अनेक ठिकाणी त्याच्या खाली मऊ, पांढुरकी-पिवळट चिकणमाती असते. पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली येतं आणि या मातीवर अडतं. माती लोण्यासारखी होते आणि वरचा कडक थर तिच्यावरून सरकतो किंवा तुटून पडतो. जेसीबीच्या बकेटला अशी माती लागायला लागली की थांबा. तिथून पुढे उभी कापणी करू नका. तिरकी करा, किंवा मध्ये तीन-चार फुटांची सपाटी सोडून दोन टप्प्यांत करा.

कापणीच्या पायथ्यापासून घराच्या मागच्या भिंतीपर्यंत मोकळी जागा हवीच. मी निदान सहा फूट मागतो, कापणी दहा फुटांची असेल तर दहा. मालकाला वाटतं एक खोली वाया गेली. पण पुढे दरड कोसळली तर फावडं आणि हातगाडी घेऊन माणूस त्या जागेतूनच आत जाणार आहे.

कापलेली माती पुढे ढकलून अंगण वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. अर्धं घर मूळ जमिनीवर आणि अर्धं भरावावर आलं की काही पावसाळ्यांत दोन्हींच्या सांध्यावर भिंत चिरते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. घराचा पाया सगळीकडे मूळ जमिनीपर्यंत न्या, भराव फक्त अंगणाला. तो भरताना आधी गवत-मुळं आणि वरची काळी माती काढा, उतारावर पायऱ्या कापा, मग सहा ते नऊ इंचांचे थर पाणी मारून दाबत या. सगळी माती एकदम ओतून वरून जेसीबी फिरवला म्हणजे दाबणी झाली, असं होत नाही.

भिंत: माझी चूक

सुरुवातीच्या काळात मी संगमेश्वर तालुक्यात एका घराच्या मागे डोंगराची माती धरायला नऊ फुटांची भिंत बांधली. सुंदर, गुळगुळीत, दोन हात गिलावा. पाणी बाहेर पडायला भोकं ठेवली होती, पण मागे खडी न भरता कापणीचीच माती लोटली, कारण ती तिथे पडलेली होती आणि खडीचा डंपर वर चढत नव्हता. पहिला पावसाळा निघाला. दुसऱ्या पुष्यात मालकाचा फोन, भिंत पोट काढतेय. जाऊन बघितलं तर ओळीने सगळी भोकं कोरडी ठाक. मातीने आतून बुच मारलं होतं. पहारीने एक भोक मोकळं केलं तेव्हा पिचकारी चार फूट लांब गेली आणि तासभर तांबडं पाणी येत राहिलं. भिंत पाडावी लागली, खर्च मी उचलला.

आकडा तेव्हा मला पाठ नव्हता, आता आहे. भिंतीच्या मागे दोन मीटर पाणी साठलं तर भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरवर एकट्या पाण्याचा रेटा सुमारे दोन टन. तीन मीटर साठलं तर साडेचार टन. उंची दीडपट, रेटा सव्वादोनपट. मातीचा रेटा त्याच्या वर वेगळा. चिऱ्याची भिंत यासाठी बनलेलीच नसते. तिच्या मागे पाणी साठू न देणं एवढाच उपाय आहे.

म्हणून भिंत बांधताना मागे निदान एक फूट जाडीचा खडीचा पडदा, तळापासून वर फूटभर सोडून. खडी आणि माती यांच्या मध्ये जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, नाहीतर दोन पावसाळ्यांत माती खडीत शिरते. भोकांना तीन किंवा चार इंची पाईपचे तुकडे, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते. पहिली ओळ समोरच्या जमिनीपासून फूटभर वर, मग पाच-पाच फुटांवर, वरची ओळ खालच्या ओळीच्या मधोमध येईल अशी. खडीच्या वर शेवटचा फूटभर चिकण माती दाबून बसवा, म्हणजे वरचं पाणी थेट आत उतरणार नाही. पाच-सहा फुटांहून उंच भिंतीचं डिझाईन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका.

गिलावा करणाऱ्यावर लक्ष ठेवा. त्याला भोकं म्हणजे राहिलेलं काम वाटतं, तो प्रेमाने बुजवतो. उन्हाळ्यात कुंभारीण माशी त्यातच मातीची घरटी करते. दर मे महिन्यात एक लांब सळई घेऊन प्रत्येक भोक आरपार करायचं.

आणि जुना गडगा असेल तर तो पाडून तिथे सिमेंटची भिंत घालायची घाई करू नका. कोरड्या रचलेल्या चिऱ्यांतून पाणी अंगभर झिरपून बाहेर पडतं. उंची कमी असेल तिथे गडग्यासारखी स्वस्त आणि समजूतदार भिंत नाही.

जोत्यालगत

घर आणि कापणी यांच्या मधलं गटार शक्यतो उघडं ठेवा, वर हवं तर उचलता येणारी जाळी. झाकलेलं गटार तुंबलेलं कळत नाही. घराभोवतीच्या पहिल्या दहा फुटांत जमीन बाहेरच्या बाजूला सहा इंच तरी उतरती हवी. मागच्या अंगणापेक्षा जोतं दीड-दोन फूट वर ठेवा.

जमिनीखालून पाणी येत असेल तर उघडं गटार पुरत नाही. तिथे छिद्रं पाडलेला चार किंवा सहा इंची पाईप, छिद्रं खालच्या अंगाला, भोवती वीस-चाळीस मिमीची खडी, आणि सगळ्याला बाहेरून जिओटेक्स्टाईल. वळणावर उभा पाईप काढून झाकण ठेवा, म्हणजे साफ करता येईल. हा चर पायाच्या तळाला लागून आणि त्याहून खोल मात्र खणू नका. ओल घालवायला जाल आणि पाया मोकळा कराल.

छपराची पागोळी थेट अंगणात पडू देण्यापेक्षा पन्हळ लावून पाणी टाकीत किंवा गटारात न्या. बाराशे चौरस फुटांच्या छपरावरून वाईट तासात सेकंदाला तीन लिटर येतं, ते चार इंची पाईपला आरामात झेपतं. शोषखड्डा घराच्या वरच्या अंगाला, भिंतीच्या मागे किंवा भरावाच्या कडेला कधीही नको. पावसाच्या पाण्याने जमीन आधीच भरलेली असताना त्यात संडासाचं पाणी रोज ओतायचं, हा उताराशी खेळ आहे. खालच्या अंगाला, कडेपासून आणि विहिरीपासून लांब, मूळ जमिनीत खणा. उघड्या मातीच्या उतारावर वाळा लावा, ओळी उताराला आडव्या. त्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती धरतात.

घर बंद असताना

मुंबईचा माणूस मे संपला की कुलूप लावतो आणि गणपतीला उघडतो. मधले तीन महिने घर एकटं. मे अखेर गटारं, हौद, भोकं साफ करून जाता हे ठीक. पण मृगाचा पहिला जोर काजू-फणसाचा वर्षभराचा पाला एका दिवसात गटारात आणतो, तेव्हा दुसरी सफाई लागते. ती गावातल्या कुणाला तरी पैसे देऊन ठरवून ठेवा, आणि म्हाताऱ्यात एकदा फोटो पाठवायला सांगा: वरचा चर, मागची भिंत, खालचं टोक. भोकांतून पाणी येत असेल तर ठीक चाललंय. येत असलेलं पाणी अचानक गढूळ झालं, एकदम बंद पडलं, वरच्या जमिनीत नवी भेग दिसली किंवा दारं एकाएकी चौकटीत अडकायला लागली, तर घरात कुणी असेल त्याने सामान न आवरता बाहेर पडायचं आणि ग्रामपंचायतीला कळवायचं.

साफसफाईला येणाऱ्याला किल्लीसाठी थांबावं लागू नये. फावडं, सळई आणि घमेलं पडवीत बाहेर ठेवून जा.